कधीच न बसलेल्या भुयारी गाडीची हुरहुर का लागावी?

प्रश्न : जामनेरकर

मागच्या डिसेंबरात मुलीकडे न्यू जर्सीत महिनाभर राहण्याचा योग आला. उंच इमारती, पूल, बागा सगळे पाहून झाल्यावर जावईबापूंनी आणखी काय पाहायचे आहे असे विचारले, तेव्हा मी 'जुनी आगगाडी' असे उत्तर दिले आणि घरातील सगळे हसले. परंतु ज्याने कॉलेजची वर्षे 'पीजे'च्या, म्हणजे पाचोरा–जामनेर या छोट्या गाडीच्या, दारात उभे राहून काढली, त्याने दुसरे काय सांगावे?

नाताळच्या सुमारास सुटीच्या दिवशी न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे आपले १९३० च्या दशकातील डबे बाहेर काढते. आर-१ ते आर-९ अशी या मालिकेची नावे आहेत. नेहमीच्याच तिकिटात कोणालाही त्यांत बसता येते. छताला पंखे, काचेच्या झाकणाविना उघडे पिवळे दिवे आणि वेताने विणलेली आसने असे ते डबे होते. कित्येक प्रवासी त्या काळातील कोट आणि टोप्या घालून आले होते, आणि एका डब्यात तर चक्क नाच चालला होता. मला मात्र लक्षात राहिला तो आवाज. गाडीने वेग घेतला की तळातून एक घरघर सुरू होई आणि ती चढत चढत हुंकारासारखी होई. तो आवाज ऐकून मला काहीएक कारण नसताना पीजेच्या वाटेवरचे शेंदुर्णी स्टेशन आठवले.

दुसऱ्या दिवशी ब्रुकलिनमधील संग्रहालयात गेलो. हे संग्रहालय कोर्ट स्ट्रीट नावाच्या, १९४६ साली बंद झालेल्या भुयारी स्थानकातच आहे. रूळ अजून चालू मार्गांना जोडलेले असल्यामुळे तेथील डबे प्रसंगी बाहेर पडून धावूही शकतात. त्या रांगेत ८०१३ क्रमांकाचा एक चकचकीत पोलादी डबा उभा होता. दारांच्या खिडक्या जहाजाच्या खिडक्यांसारख्या गोल. ही आर-११ मालिका. १९४९ साली तिचे फक्त दहा डबे तयार झाले आणि त्यांतला हा एकच उरला आहे. सेकंड ॲव्हेन्यूखालून जाणाऱ्या नव्या मार्गासाठी ते घडवले होते, आणि त्या मार्गाचा पहिला टप्पा उघडला १ जानेवारी २०१७ रोजी! नवरदेव मांडवात उभा आणि नवरी अडुसष्ट वर्षांनी आली, असा हा प्रकार झाला.

माझा प्रश्न असा आहे. वेताच्या आसनांच्या गाडीत मी बसलो, म्हणून तिची हुरहुर समजू शकते. पण त्या गोल खिडक्यांच्या डब्याची, ज्यात मी कधीच बसलो नाही आणि खुद्द न्यूयॉर्कमधील फारच थोड्या लोकांना ज्याची ओळख असेल, त्याची हुरहुर मला अधिक का लागावी? आणि अशा प्रायोगिक गाड्या फसतात म्हणजे नेमके काय होते? जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : भुसावळचे निवृत्त (लोको शेड)

जामनेरकर, आधी आपल्या त्या हुंकाराविषयी लिहितो, कारण माझे सगळे आयुष्य त्याच्या शेजारी गेले. मोटरीच्या दांड्यावर एक लहान दात्यांचे चाक असते, ते पिनियन. आणि चाकांच्या आसावर मोठे असते, ते बुल गिअर. जुन्या काळी या दोन्हींचे दाते सरळ कापलेले असत. सरळ दात्यांत एक दाता सुटतो आणि दुसरा एकदम पूर्ण लांबीने आदळतो, म्हणून वेग वाढेल तसा तो ठोका जवळजवळ येतो आणि त्याचा सूर होतो. पुढे तिरपे दाते आले. त्यांत एक दाता सुटण्याआधी दुसरा हळूहळू भार घेतो, म्हणून आवाज पुष्कळ कमी होतो. आपण ऐकलात तो सरळ दात्यांचा आवाज. इंजिनियराच्या हिशेबी तो दोषच होता, आणि नेमका तोच लोकांच्या कानात राहिला.

आता आर-११. तिला तेव्हा 'दशलक्ष डॉलरची गाडी' म्हणत, कारण एकेक डबा सुमारे एक लाख डॉलरचा होता. बड कंपनीने ती स्टेनलेस स्टीलमध्ये बांधली. आत येणाऱ्या हवेतील धूळ विजेच्या भाराने ओढून घेणारी गाळणी तिच्यात होती, जंतू मारण्यासाठी अतिनील दिवे होते आणि सूचना सांगण्यासाठी ध्वनिक्षेपक होते. १९४९ साली, बरे का! आमच्याकडे त्या काळी कोळशाचे इंजिन पुसायला सुताचा बोळा मिळाला तरी पुरे असे. १९५१ साली न्यूयॉर्कच्या मतदारांनी नव्या मार्गासाठी ५० कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना मान्यता दिली. पण तो पैसा जुन्या मार्गांच्या डागडुजीत आणि इतर सुधारणांत गेला. मार्ग नाही, म्हणून गाडीची पुढची मागणी नाही. दहा डबे इतर डब्यांच्या गर्दीत निराळ्या बिऱ्हाडासारखे राहिले.

ही गाडी फसली असे मात्र मी म्हणणार नाही. आपल्या भागातील उदाहरण देतो. केळीचे खोड एकदाच घड देते आणि कापले जाते. बाग पुढे चालते ती बुंध्याशी आलेल्या पिलांवर. आर-११ चे पील म्हणजे आर-३२. त्याच बड कंपनीने १९६४ पासून स्टेनलेस स्टीलचे सहाशे डबे दिले. पन्हाळीदार पत्र्याचे ते डबे इतके चमकत की लोकांनी त्यांना 'ब्राइटलायनर' असे नाव दिले. त्यांची शेवटची निरोपाची फेरी ९ जानेवारी २०२२ रोजी झाली, म्हणजे सत्तावन्न वर्षांहून अधिक काळ ते धावले. त्यांच्या पुढच्या टोकाच्या दाराला काच होती आणि प्रवाशाला तेथे उभे राहून समोरचे रूळ, सिग्नलचे दिवे, अंधारातून जवळ येणारा फलाट, सगळे मोटरमनसारखे पाहता येई. निरोपाच्या फेऱ्यांत त्या काचेपाशी मोठ्या माणसांनी धक्काबुक्की केली असेल, असा माझा अंदाज आहे. मी असतो तर केली असती.

सगळ्याच प्रायोगिक गाड्यांच्या नशिबी पिले नसतात. १९३४ साली पुलमन कंपनीने न्यूयॉर्कसाठी ॲल्युमिनियमची जोडडब्यांची गाडी केली होती, तिला 'ग्रीन हॉर्नेट' म्हणत. महायुद्धात ॲल्युमिनियमची टंचाई झाली तेव्हा ती सरळ भंगारात गेली. हलकेपणासाठी निवडलेली धातूच तिच्या मुळावर आली.

याउलट १९९२ साली आलेल्या आर-११०ए आणि आर-११०बी या दोन गाड्या पाहा. त्या फक्त नव्या तंत्राच्या चाचणीसाठीच मागवल्या होत्या. एक कावासाकीची, दुसरी बाँबार्डिएची. १९९३ पासून काही वर्षे त्या प्रवाशांना घेऊन धावल्या. एसी, म्हणजे प्रत्यावर्ती विजेवर चालणाऱ्या, मोटरी त्यांच्यावर पारखल्या गेल्या, आणि त्यांवरून शिकून आर-१४२, आर-१४३ या मालिका शेकड्यांनी बनल्या. दोन्ही गाड्या मग बाजूला काढल्या, कारण एकुलत्या एका गाडीचे सुटे भाग कोण किती दिवस करत बसणार? ज्या गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला बसत नाही, ती शेडमध्ये सर्वांची नावडती असते. मी स्वतः अशा एका इंजिनाला पुष्कळ शिव्या दिल्या आहेत आणि ते गेले त्या दिवशी मला जेवण गेले नव्हते.

उत्तर २ : पांझराकाठ (धुळे)

भुसावळच्या नानांचे उत्तर वाचून पुष्कळ समजले, तरीही थोडा विरोधी सूर लावते. रागावू नये.

यजमानांच्या नोकरीमुळे मी कोलकात्यात नऊ वर्षे राहिले आणि तेथील मेट्रोने रोज शाळेत शिकवायला जात असे. देशातील ती पहिली मेट्रो. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर या ३.४ किलोमीटरवर ती सुरू झाली. डबे पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत बनले होते. रूळ आपल्या मोठ्या रेल्वेइतकेच रुंद, आणि वीज वरच्या तारेऐवजी बाजूच्या तिसऱ्या रुळातून, ७५० व्होल्टची. त्या डब्यांना वातानुकूलन नव्हते. पाण्याने धुऊन थंड केलेली हवा पंख्यांनी बोगद्यात सोडत आणि तीच खिडक्यांतून आत येई. गर्दी वाढत गेली तशी ती हवा पुरेनाशी झाली. बोगद्यातील आवाज उघड्या खिडकीतून असा आत शिरे की शेजारच्या बाईचा प्रश्न दोन स्थानकांच्या मध्ये ऐकायचा आणि उत्तर पुढच्या स्थानकावर द्यायचे, अशी आमची रीत पडली होती. वातानुकूलित गाड्या २०१० च्या ऑक्टोबरात सुरू झाल्या. त्यानंतर फलाटावर जुनी गाडी आली की पुष्कळ जण ती सोडून देत आणि पुढच्या गाडीसाठी थांबत. मीही थांबत असे. साडीला इस्त्री करून निघालेल्या बाईला विचारावे की जुन्या गाडीची ओढ म्हणजे काय!

२४ ऑक्टोबर २०२१ रोजी, म्हणजे बरोबर सदतीस वर्षांनी, त्या जुन्या गाड्यांना टॉलीगंजला, आताच्या महानायक उत्तमकुमार स्थानकात निरोप देण्यात आला. मी तेव्हा धुळ्याला परतले होते. फोनवर चित्रे पाहिली. लोक डब्याला हात लावून उभे होते. माझ्या ओळखीच्या दोघी-तिघी, ज्या माझ्याबरोबर जुनी गाडी सोडून देत असत, त्याच पुढे उभ्या होत्या.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की जुन्या गाडीची हुरहुर तिच्यातून रोज जाण्याची सक्ती संपल्यावरच सुरू होते. जामनेरकर भाऊंना प्रायोगिक गाडीची हुरहुर अधिक लागते, यात मला नवल वाटत नाही, कारण त्या गाडीने त्यांना कधी घामाघूम केले नाही, उशीर केला नाही, पदर दारात अडकवला नाही. न नांदवलेल्या सुनेत दोष कोठून दिसणार? पीजेविषयीही एक विचारते. ती चालू होती तेव्हा शेंदुर्णीहून पाचोऱ्याला घाईने जायचे असले तर आपण पीजेने जात होतात की एसटीने?

उत्तर ३ : एरंडोल नाका

थोडी भर घालतो. न्यूयॉर्कच्या लाल रंगाच्या 'रेडबर्ड' गाड्या ३ नोव्हेंबर २००३ रोजी थांबल्या, पण त्यांचे डबे भंगारात गेले नाहीत. २००१ पासून ते तराफ्यावर घालून अटलांटिकच्या तळाशी सोडण्यात आले, डेलावेअरच्या किनाऱ्यापाशी आणि इतरत्र, मासळीला घर व्हावे म्हणून. पुढे इतर मालिकांचेही डबे गेले. गंमत म्हणजे साध्या पोलादाचे रेडबर्ड पाण्यात चांगले टिकले आणि स्टेनलेसचे काही डबे अपेक्षेपेक्षा फार लवकर कोसळले. न गंजणारी धातू असून काय उपयोग, जोडच सुटले.

लंडनच्या १९३८ सालच्या गाड्यांचे नशीब बरे. लंडनमध्ये त्या १९८८ साली थांबल्या, पण आइल ऑफ वाइट बेटावरील बोगदा इतका ठेंगणा आहे की मोठी गाडी तेथे मावत नाही, म्हणून काही गाड्या समुद्रकिनारी धावू लागल्या आणि ३ जानेवारी २०२१ पर्यंत धावल्या. त्यांच्या जागी आल्या त्याही लंडनच्याच निवृत्त डब्यांतून घडवलेल्या.

उत्तर ४ : नंदुरबार–पुणे पॅसेंजर

मी विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि वयाने येथे सर्वांत लहान असेन, म्हणून जपून लिहितो. धुळ्याच्या ताईंचा मुद्दा मला पटतो, परंतु पूर्ण पटत नाही. जी गाडी मी वापरली नाही आणि जिच्यात कोणताही जुनेपणा नाही, तिच्या आवाजासाठीही मी रात्री जागून ध्वनिफिती ऐकतो. यात सक्ती संपण्याचा प्रश्न येत नाही.

नानांनी दात्यांचा सूर सांगितला. त्यापुढील पिढीचा सूर इन्व्हर्टरचा आहे. एसी मोटरीचा वेग बदलण्यासाठी विजेची वारंवारता बदलावी लागते आणि त्यासाठी अर्धवाहकाचे स्विच सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात. १९९० च्या दशकातील जीटीओ प्रकारच्या स्विचांची ही गती आपल्या कानाला ऐकू येण्याइतकी कमी होती, म्हणून गाडी निघताना मोटरच गाते. सीमेन्स कंपनीने याचा फायदा घेऊन जपानच्या केइक्यू रेल्वेच्या इन्व्हर्टरची आखणी अशी केली की गाडी निघताना सरगमीसारखे चढते सूर निघत. यांतील काही गाड्या तोक्योच्या असाकुसा भुयारी मार्गावरही जात. पुढे आयजीबीटी स्विच आले, त्यांची उघडझाप फार जलद, म्हणून आवाज जवळजवळ नाहीसा झाला. बिघडलेले आणि जुने झालेले भाग बदलता बदलता शेवटची गाणारी गाडी २०२१ च्या उन्हाळ्यात गप्प झाली. गाडी तीच राहिली, डबे तेच राहिले, फक्त सूर गेला, आणि त्याला निरोप द्यायला लोक जमले. न्यूयॉर्कच्या आर-१४२ चेही निघतानाचे तीन सूर प्रसिद्ध आहेत, ते मात्र अजून ऐकू येतात.

प्रायोगिक गाडीविषयी मला पॅरिसचे उदाहरण सर्वांत आवडते. रबरी टायरांवर धावणारी मेट्रो हा विचार त्यांनी १९५१ साली एकाच डब्यावर तपासला. त्या डब्याचे नाव एमपी-५१. पोर्त दे लिला आणि प्रे-सँ-जेर्व्हे या दोन स्थानकांमधील जेमतेम पाऊण किलोमीटरच्या जोडमार्गावर तो काही वर्षे प्रवाशांना घेऊन ये-जा करत होता. टायरची पकड चांगली असल्यामुळे चढ सोपे जातात आणि गाडी लवकर थांबते व लवकर वेग घेते, हे त्यावर दिसले. १९५६ साली पॅरिसचा अकरावा मार्ग टायरांवर गेला, १९६६ मध्ये माँट्रियल आणि १९६९ मध्ये मेक्सिको सिटी येथे मेट्रो सुरू झाल्या त्या टायरांवरच. एक डबा, पाऊण किलोमीटर! मला वाटते, आपली ओढ त्या डब्याकडे नसून त्याच्याबरोबर आलेल्या 'असे करून पाहू या' या वृत्तीकडे असते. जामनेरकर काकांना ८०१३ समोर जे वाटले, ते हेच असावे. तेथे त्यांना १९४९ सालच्या माणसांना दिसलेला उद्याचा दिवस दिसला, आणि तो तसा उजाडलाच नाही.

भुसावळचे निवृत्त

पोरा, चांगले लिहिलेस. एक दुरुस्ती कर. सूर गेला हे लोकांसाठी वाईट, पण देखभाल करणाऱ्यासाठी आवाज म्हणजे नाडी असते. डीसी, म्हणजे एकदिश विजेची, गाडी सुटताना वीज अडवणारे रोधक एकेक करून बाजूला होत, तेव्हा प्रत्येक नॉचला, म्हणजे टप्प्याला, एक खटका ऐकू येई आणि एखादा खटका चुकला तर डोळे मिटूनही कळे की कोठे बिघाड आहे. आता लॅपटॉप लावून पाहावे लागते. मी मुंबईकडची १५०० व्होल्टची डीसी आणि इगतपुरीपासून आमच्याकडची २५ हजार व्होल्टची एसी, दोन्ही पाहिल्या. कानाने रोग ओळखणारी माणसे गाड्यांबरोबरच निवृत्त झाली. हे संग्रहालयात ठेवता येत नाही.

जामनेरकर

सर्वांचे आभार. ताईंच्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर घाई असली की आम्ही एसटीनेच जात होतो. पीजेने जायचे ते परीक्षा नसलेल्या दिवशी. अडीच फुटी रुळांवरून, जेमतेम छप्पन्न किलोमीटरसाठी ती इतका वेळ घेई की पहूरला बसलेला माणूस आणि पाचोऱ्याला उतरलेला माणूस यांचे मत मध्येच बदललेले असे. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच, आणि आता त्याच मार्गावर मोठ्या रुळांचे काम मंजूर आहे. मोठी गाडी झाली तर मी पहिल्या दिवशी तिच्यात बसणार आणि जुनीचे गुणगान गात बसणार, हे ताईंनी आधीच ओळखले असेल.

नंदुरबारच्या मुलाने उजाडलाच नाही अशा दिवसाविषयी लिहिले, ते मात्र मनाला लागले. ८०१३ समोर मी पंधरा मिनिटे उभा होतो आणि त्या वेळी माझ्या डोक्यात आमच्या तरुणपणी कानावर येणारी 'पीजे मोठी होणार' ही चर्चाच चालली होती, हे मला आज येथे लिहिताना कळले.

नाना, आपण आवाजाविषयी लिहिलेत म्हणून फोन धुंडाळला. २०१९ सालची पीजेची चाळीस सेकंदांची एक चित्रफीत सापडली. वरखेडीजवळची आहे. तिच्यात इंजिनापेक्षा शेंगदाणे विकणाऱ्याचा आवाज मोठा आहे. तरीही येथे टाकतो. मागचा खडखडाट डब्यांच्या जोडांचा आहे की रुळांच्या सांध्यांचा, तेवढे ऐकून सांगावे.